धाकल्या मामंजींचा मुआयना

नळदुर्गापासून उमरग्यापर्यंतच्या सगळ्या सुइणी एका रांगेत उभ्या केल्या, तरी आमच्या धाकल्या मामंजींनी जेवढी तान्ही लेकरं डोळ्यांत तेल घालून न्याहाळली तेवढी त्या सगळ्यांनी मिळून न्याहाळली नसतील. कुणाच्या घरी पाळणा बांधला हे शेजाऱ्यांच्या आधी मामंजींना कळायचं. कुणाचं बाळ मान धरतंय, कुणाची मूठ अजून उघडत नाही, कुणाचं उलटं रांगतंय, सगळं त्यांना तोंडपाठ. आणि एवढं असूनही एकही लेकरू पहिल्यांदा पालथं पडताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं नाही, अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती होती. ती खरी होती की नव्हती ते मी पुढं सांगते. सांगायला आता माझ्याशिवाय कुणी उरलेलंही नाही.

धाकले मामंजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे पाठचे भाऊ, माझे चुलतसासरे. सासऱ्यांचं गावात भुसाराचं दुकान होतं. हे मात्र मिसरूड फुटायच्या सुमारास निजामाच्या करोडगिरीत शिरले. करोडगिरी म्हणजे जकातीचं खातं. सरहद्दीवरच्या नाक्यावर बसायचं, सोलापुराकडची बैलगाडी थांबवायची, पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा आणि आत काय लपवलंय ते बघायचं. असली नोकरी जन्मभर केल्यावर माणूस सरळ राहील कसा? पेन्शनीत निघून घरी आले, तरी झाकलेलं काही दिसलं की त्यांच्यानं उघडून बघितल्याशिवाय राहवत नसे. सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्या, माहेरून आलेल्या सुनांची गाठोडी, सगळ्यांवरून त्यांची नजर फिरायची. घरात ते कानडी बोलत, बाजारात मराठी आणि काही महत्त्वाचं सांगायचं असलं की उर्दू. त्यामुळं लेकरू बघायला निघाले की "जरा बसून येतो" असं साधं कधी म्हणाले नाहीत. काठी उचलायची, घसा खाकरायचा आणि साहेबी तपासणीला निघाल्यासारखं म्हणायचं, "मुआयना करून येतो."

मुआयन्याला जाताना पोशाख पुरा लागायचा. खाली धोतर, वर बटणं तुटलेली शेरवानी आणि डोक्यावर काळ्या गोंड्याची लाल रूमी टोपी. ती टोपी नुसती शोभेची नव्हती. पाळण्यावर वाकायचं आणि डोकं हळूच डावीकडून उजवीकडं न्यायचं, म्हणजे गोंडा बाळाच्या डोळ्यांपुढून फिरायचा. बाळाची नजर गोंड्यामागं गेली की मामंजी खूश. नाही गेली तर "अजून धुकं हाय" म्हणून पुढच्या आठवड्यात परत. मग ते आपले दोन्ही हात एकमेकांवर चोळून ऊन करायचे, कारण लेकराला गार हात लावणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता, आणि आपलं बोट बाळाच्या मुठीत द्यायचे. पकड घट्ट असली की मान डोलवायचे. पुढं बाळाचे दोन्ही हात धरून त्याला किंचित उचलायचं, मान मागं लोंबते की अंगाबरोबर येते ते बघायचं. एवढ्यात त्या बाळंतिणीचा जीव वरखाली व्हायचा, पण बोलणार कोण? करोडगिरीचा माणूस!

त्यांनी लेकरांना हुद्दे दिलेले होते. मान न धरलेलं बाळ म्हणजे उमेदवार, नोकरीची आशा धरून कचेरीच्या पायरीवर बसलेला. पालथं पडलं की ते अहलकार, म्हणजे कारकून. बिनआधारानं बसायला लागलं की पेशकार, साहेबाशेजारी बसून कागद पुढं करणारा. रांगत रांगत येऊन कशाला तरी धरून उभं राहिलं की तहसीलदार. आणि हात सोडून चार पावलं टाकली की थेट तालुकदार, ज्याच्यापुढं अख्खा जिल्हा उठून उभा राहायचा. हळूहळू सगळ्या गावालाच ही सवय लागली. आडावर बाया एकमेकींना सरळ विचारायच्या, "तुमचा पेशकार झाला का गं?" आमच्या गल्लीतल्या एका सावकाराचा नातू रांगायला लागला तो उलटा, मागं मागं सरकत. खेळणं पुढं ठेवलं की पोरगं भिंतीकडं जायचं आणि चिडून रडायचं. सावकार घाबरला. मामंजींनी बराच वेळ बघितलं आणि सांगितलं, "काळजी करू नका. माघारी सरकणारे अंमलदार म्या लई बघितलेत. तेच पुढं बढती खातात." पोरगं काही दिवसांनी पुढं निघालंच. मामंजी महिनाभर मिशीला पीळ देत हिंडत होते.

पण पालथं पडणं! तिथं मात्र त्यांचं नशीब खोटं. तुम्हाला वाटेल, रांगणारं, बसणारं लेकरू केव्हाही बघता येतं, मग पालथं पडणारंच का नाही? मामंजी सांगायचे की बाकीची सगळी कामं लेकरू हळूहळू शिकतं, रोज थोडी थोडी. पालथं पडणं तसं नाही. तोवर कुणी उचलेल, कुणी वळवेल, कुणी पाजेल, म्हणून पडून असलेला तो जीव त्या एका घटकेला स्वतःचं स्वतः काहीतरी करतो. त्याच्या जन्मातलं ते पहिलं काम. ते बघायला मिळावं एवढी एकच त्यांची हौस होती, आणि तीच पुरी होत नव्हती. कोष्ट्याच्या घरी सकाळपासून ठाण मांडून बसले. तपकिरीची चिमूट ओढली, शिंक आली, शिंकून डोळे उघडले तर बाळ पालथं. तेल्याच्या घरी जुळी झाली तेव्हा म्हणाले, आता दोन-दोन डाव आहेत, एक तरी लागेल. एका पोराकडं टक लावून बसले तर पाठीमागचं पडलं. गर्रकन मागं वळले, तेवढ्यात पुढचंही पडलं. तेलीण हसून हसून भिंतीला टेकली. आमच्याकडं सीमेजवळच्या घरांत बाळ पालथं पडलं की होळगी करतात, म्हणजे पुरणपोळी, आणि ती आधी मोठ्या माणसाला देतात. मामंजींना प्रत्येक घरची होळगी मिळायची. ताटावर बसले की कुणीतरी म्हणणारच, "काय नाकेदार, माल निघून गेला म्हणं नाक्यावरनं?" ते खाली बघून तूप ओतून घ्यायचे.

ह्या वेडाचं मूळ मला धाकल्या सासूबाईंनी सांगितलं. शेंगा फोडत बसलो होतो आम्ही. त्या म्हणाल्या, तुझ्या मामंजींच्या बदल्या कधी परंड्याकडं, कधी पार बिदरच्या अंगाला. मला चार लेकरं झाली, पण ह्यांना रजा मिळायची ती दिवाळीला. येताना गोंड्याची टोपी घालून, मोठ्या ऐटीत यायचे. आणि दारात आले की ज्याला पाळण्यात सोडून गेले होते ते पोर रांगत येऊन ह्यांच्याकडं बघायचं आणि परका माणूस म्हणून भोकाड पसरायचं. चारही वेळा तेच. चौथ्या खेपेला हे न्हाणीघरात जाऊन लई वेळ तोंड धूत होते, म्हणाल्या. मला हसावं का रडावं कळेना. शेंगा मात्र फोडायच्या राहिल्या.

मी लग्न होऊन आले ती कानडी मुलखातल्या आळंदच्या अंगाच्या एका खेड्यातून. सासऱ्या-दिरांपुढं पदर डोक्यावर, आणि चुलतसासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नाही, ही रीत. मामंजींना तर बोलल्याशिवाय अन्न पचत नसे. मग ते मांजराला निरोप सांगायचे. "मने, आत सांग, आज भाकरी करपली, पण बेसन झकास झालंय." मी आतून मांजरालाच ऐकवायची, "सांग, सरपण ओलं हाय." ते मांजर आमच्या घरात फार मोठ्या मानानं राहिलं. माझ्या पोटी मुलगा झाला तशी मनीची नोकरी सुटली. सगळे निरोप मग त्याच्यामार्फत येऊ लागले.

तो जन्मला तेव्हा दिवस चांगले नव्हते. रझाकारांच्या धास्तीनं आमच्यासारखी कितीतरी घरं सरहद्द ओलांडून सोलापुराकडं नातलगांच्या आसऱ्याला गेली होती. एका खोलीत चार कुटुंबं, पाय पसरायला जागा नाही. तिथंच मी बाळंत झाले. लेकराला जमिनीवर ठेवायचं म्हटलं तर जमीनच मोकळी नव्हती. ते एक तर झोळीत, नाहीतर कुणाच्या तरी मांडीवर. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि आम्ही गावी परत आलो, तर सासूबाईंच्या मनात विंचवाची भीती बसलेली. बंद घरात विंचू निघाले होते ना! त्यांनी फर्मान काढलं, पोराला जमिनीला टेकवायचं नाही. मग परत झोळी आणि परत मांड्या. पोरगं गोरंगोमटं, हसरं, पण ठेवावं तसं राहायचं. त्याच्याच बेताचं शेजारणीचं पोर पालथं पडून वर बसायलाही लागलं होतं, आणि आमचा गडी आढ्याकडं बघून मुठी चोखत पडलेला.

सगळे गप्प होते, आणि तेच मला खात होतं. माझ्या माहेरी वेशीजवळच्या घरात एक पोरगा होता. थोराड झाला तरी कधी उठून बसला नाही. बाजेवर पडून राहायचा, आई चमच्यानं भरवायची. लहानपणी त्या दारावरून जाताना आम्ही पळत जात असू. आता मला रोज तेच दार डोळ्यांपुढं यायचं. मी हे कुणालाच बोलले नाही, ह्यांनासुद्धा नाही. पोराला न्हाऊ घालताना त्याचे पाय हातात धरून बघायची, ताकद आहे का म्हणून, आणि पाण्याच्या हातानं डोळे पुसून घ्यायची. एकदा सासूबाईंची बहीण आली, पोराला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "थंड हाय बाई लेकरू." त्या दिवशी मला भाकरी गिळेना.

मामंजींनी ते ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओसरीवर आले. आता रूमी टोपी घालून रस्त्यावर निघायची सोय नव्हती. राज्य बदललं होतं, लोकांची डोकी तापलेली होती, आणि तसली टोपी डोक्यावर असलेल्या माणसाचं तेव्हा काही खरं नव्हतं, मग तो कुणी का असेना. त्यांनी ती पेटीत ठेवून दिली होती. पण लेकरापुढं यायचं तर टोपी लागायची. ती शेरवानीत दडवून, इकडं तिकडं बघत ते आत आले. जन्मभर लोकांचा लपवलेला माल पकडलेला माणूस, आता स्वतःच माल लपवून आणत होता! टोपी घातली, गोंडा फिरवला. पोराची नजर बरोबर मागं गेली. बोट दिलं, ते सुटेना. मान उचलून बघितली, ती ताठ. मग त्यांनी बाळालाच सांगितलं, पण आवाज चढवून, आत सासूबाईंना जाईल असा, "बाबा, तुझ्यात काही खोट न्हाई. तुला जमीनच कुणी दिली न्हाई. झोळीत कुणी पालथं पडतं व्हय? म्या पडून दाखवू का झोळीत?"

दीर-भावजयीची मग चांगलीच जुंपली. सासूबाई म्हणाल्या, विंचू चावला तर? मामंजी म्हणाले, मी राखण करतो. सासूबाई म्हणाल्या, तुमची राखण माहीत आहे आम्हाला, सगळा माल निघून जातो. हे ऐकून मी आत पदर तोंडात धरला. पण शेवटी मामंजींनी काठीनं सगळी ओसरी ठोकून काढली, कोपरे झाडले, जुनी वाकळ अंथरली आणि पोराला उन्हाच्या तुकड्यात उताणं ठेवलं. स्वतः काठी घेऊन शेजारी बसले. नाक्यावरही इतकं कडक बसले नसतील.

ते रोज बसू लागले. पोरगं आधी रडायचं, त्याला मांडीची सवय. मग पाय झाडू लागलं. मग गोंडा धरायला एका कुशीवर कलू लागलं, पण अर्ध्यात जाऊन परत पाठीवर. मामंजींना वाटलं, ह्याला रीत माहीत नसावी. एके दिवशी ते स्वतः वाकळीवर त्याच्या शेजारी उताणे झोपले आणि "हे बघ, हा पाय असा आडवा टाकायचा, मग ढुंगण उचलायचं" असं सांगत, टोपीसकट, पालथे पडून दाखवू लागले. पडले ते पडले, कंबर धरली आणि परत वळता येईना. नेमके त्याच वेळी सासऱ्यांना भेटायला गावचे पाटील आले. बघतात तर माजी नाकेदार वाकळीवर तोंड खाली घालून पाय झाडतायत. पाटलांना वाटलं झटका आला. त्यांनी हाकाटी केली, कांदा आणा, वहाण आणा, नाकाला लावा. आणि आमचं पोरगं आयुष्यात पहिल्यांदा खदखदून हसलं. मामंजींना चौघांनी उलटं केलं तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "पडलं का?"

त्यानंतर थोड्याच दिवसांतली गोष्ट. सकाळची वेळ. सासूबाई महादेवाला गेल्या होत्या, पुरुष दुकानात. मी परसातल्या आडावर पाण्याला. भरलेली घागर कमरेवर घेऊन मधल्या दारात आले आणि पाय जागीच थांबले. ओसरीवर वाकळीत पोरगं कुशीवर वळलं होतं. मामंजी गोंडा हातात धरून बसले होते, पण तो हलवायचं विसरून. पोरानं वरचा पाय आडवा टाकला, तोंड लालबुंद केलं, कुंथलं, आणि धप्पकन पालथं झालं. खालचा हात छातीखाली अडकला होता. त्याची ओढाताण करून तोही सोडवून घेतला. मग मान वर उचलून, हेलकावत, त्यानं त्या टोपीकडं बघितलं.

घागर कलती झाली, पाणी पायावर सांडलं, मला भान नाही. लेकरू धड होतं. माझं लेकरू धड होतं, एवढंच डोक्यात. ओरडावं, धावावं असं वाटलं, पण मामंजींकडं बघितलं आणि मला पाऊल उचलवेना. ते ओरडले नव्हते. दोन्ही हात तोंडावर धरून बसले होते आणि डोळ्यांतून धारा चालल्या होत्या. जन्मात पहिल्यांदा त्यांना ते दिसलं होतं! मग त्यांनी टोपी काढली, तिनंच डोळे पुसले, आणि हात चोळून ऊन केले. एक हात पोराच्या पोटाखाली, एक मानेखाली घालून त्याला अलगद परत उताणं केलं. झबलं सरळ केलं. त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "आता थांब. तुझी आई येऊ दे. पहिलं तिनं बघायचं. म्या बघितलं ते आपल्या दोघांत ठेवू."

मी दोन पावलं मागं सरले, तसं कलत्या घागरीतून आणखी पाणी सांडलं. तेवढ्यात त्यांनी हाळी दिली, "बाळा, तुझ्या आईला सांग, हातातलं टाकून ये म्हणावं!" मी पदर सावरला, खोकले आणि काही ठाऊक नसल्यासारखी बाहेर आले.

पण पोरगं कसलं! आई आली तसं अंगठा तोंडात घालून झोपी गेलं. उठलं, प्यालं, परत वाकळीवर ठेवलं तर आढ्याकडं बघत स्वतःशी गप्पा. मामंजी म्हणत राहिले, आज पडणार. सासूबाई आल्या, म्हणाल्या, कशावरून? आता काय सांगणार बिचारे? बघितलं म्हणावं तर त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणारं माणूस अख्ख्या गावात नव्हतं. आणि मी सांगावं, तर त्यांनी मला एवढ्या मनानं जे दिलं होतं ते पायदळी तुडवल्यासारखं. दिवसभर मी ज्वारी निवडत बसले आणि ते काठी टेकून. एकमेकांकडं बघायची सोयच नव्हती, म्हणून दोघंही पोराकडं बघत होतो. दुपारचं ताट त्यांनी तसंच परत पाठवलं. मला आत एकटीला हसू यायचं आणि लगेच रडू यायचं.

दिवेलागणीला मामंजींची लिंगपूजेची वेळ झाली. ती त्यांनी नोकरीतसुद्धा कधी चुकवली नव्हती. नाइलाजानं उठले. आतल्या खोलीत, दार उघडं ठेवून, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन बसले. पूजेतून मधे उठता येत नाही. आणि तेवढ्यात आमच्या चिरंजीवांनी पाय आडवा टाकला, कुंथले, आणि सासूबाईंच्या डोळ्यांदेखत, माझ्या डोळ्यांदेखत पालथे पडले! सासूबाईंनी अशी आरोळी मारली की दुकानातून पुरुष धावत आले. त्यांनी मला मिठी मारली, सुनेला मिठी मारायची रीत आमच्यात नव्हती तरी. मी आतल्या खोलीकडं बघितलं. मामंजींचे पुटपुटणारे ओठ क्षणभर हलायचे थांबले, आणि पुन्हा हलू लागले.

पूजा उरकून बाहेर आले, तर सगळे त्यांची वाटच बघत होते. सासरे म्हणाले, "धाकल्या, घरचंसुद्धा निसटलं की रे!" हशा उसळला. वाकळीवर मान उचलून बघणाऱ्या पोराकडं मामंजींनी बघितलं, आणि म्हणाले, "निसटलंच म्हणायचं. आपल्या तकदीरातच न्हाई ते." मग त्याला विधिपूर्वक अहलकार जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी होळगीचं पहिलं ताट त्यांच्यापुढं मी ठेवलं. तुपाची वाटी जरा जास्तच भरली होती. ते खाली बघून जेवले.

पुढं पोरगं पेशकार झालं, तहसीलदार झालं, एका संक्रांतीला चुलीच्या ओट्यावरचा हात सोडून तालुकदारही झालं, आणि अंगणात असं पळायला लागलं की मामंजींना काठी टाकून मागं धावावं लागे. गावात मुआयने चालूच राहिले, टोपी शेरवानीत दडवून. लोक चेष्टा करायचे, लग्नाकार्यात नक्कल करायचे. ते स्वतःही जुळ्यांची गोष्ट रंगवून सांगायचे. एकही न बघितलेला नाकेदार, हे नाव त्यांना कायमचं चिकटलं. असल्या वेळी मला वाटायचं, उठावं आणि सगळ्यांपुढं सांगून टाकावं. पण त्यांनीच झाकून ठेवलेलं मी कशी उघडू? गप्प राहायची. तेही कधी एका शब्दानं बोलले नाहीत.

म्हातारपणी त्यांना अर्धांगवायू झाला. डावं अंग गेलं. वाचा राहिली, पण कुशीवर वळायचं तर दुसऱ्यानं वळवायचं. धाकल्या सासूबाई तोवर गेल्या होत्या. मी आणि माझी जाऊ पाळीनं ते काम करायचो. तोवर माझ्याही केसांत चांदी आली होती, आणि मांजरामार्फत बोलायची रीत कुणी बंद न करताच आपोआप बंद पडली होती. एके सकाळी मी हात चोळून ऊन केले आणि त्यांना वळवायला वाकले. ते माझ्या हातांकडं बघत राहिले.

म्हणाले, "सूनबाई, त्या दिवशी दारात पाणी सांडल्याचा आवाज आला होता मला."

कुठला दिवस हे विचारायची गरज नव्हती.

"आवाज कधी आला?" मी एवढंच विचारलं.

"त्याला परत उताणा केला, तवा. दाराकडं बघितलं न्हाई म्या. बघितलं असतं तर तुला कळलं असतं की मला कळलंय."

"मग एवढी वर्सं बोलला का न्हाई?"

"तू तरी कुठं बोललीस?" ते हसले, अर्ध्याच तोंडानं. मग आढ्याकडं बघत म्हणाले, "तुझ्यासाठी ठेवलं होतं, ते काय जमलं न्हाई. पण बरंच झालं. दोघांनी बघितलं म्हणायचं आपण."

मी म्हटलं, "व्हय मामंजी. दोघांनी बघितलं."

मी त्यांना भिंतीच्या कुशीला वळवायला लागले, तर त्यांनी उजव्या हातानं मला थांबवलं. तोंड दाराकडं कर म्हणाले, कोण कधी येऊन उभं राहतं, बघाय पाहिजे. त्या दिवसापासून त्यांना दाराकडंच वळवून ठेवत असू. आणि ते होते तोवर मी सकाळी पाणी घेऊन आले की मधल्या दारात जरा थांबायची, आणि घागर किंचित कलती करून थोडं पाणी उंबऱ्यावर सांडू द्यायची.